डावा खांदा

३ सप्टेंबर

प्रिय खडू,

सोबतच्या नळीत बाबांचं चित्र आहे. नळी आमच्या दुकानातल्या कापडाच्या ताग्यातलीच, पुठ्ठ्याची. उघडताना जपून उघड. मागच्या वेळी तू ओढाओढ करून कोपरा फाडलास आणि वर मलाच शहाणपणा शिकवलास.

आपला नियम तुला सांगायला नको, पण हल्ली तू विसरभोळा झालायस म्हणून सांगते. चित्र अर्धंच पाठवायचं, कारण पुऱ्या झालेल्या चित्रावर कुणी खरं बोलत नाही. वर ट्रेसिंग पेपर ठेवून चुका लाल पेन्सिलीने त्याच्यावर दाखवायच्या, मूळ चित्राला हात लावायचा नाही. फोनवर बोलायचं नाही, फोनवर तू नुसता हो हो करतोस. आणि स्तुती करायचीच झाली तर शेवटी.

आता मुद्द्याचं. दोन जिने चढणं बाबांना जमेनासं झालंय, म्हणून दादा त्यांना कायमचं स्वतःच्या घरी घेऊन जाणार आहे. एवढ्या लांब गेल्यावर माझं जाणं कितीसं होणार! पण बाबांनी त्याला फोनवर ठणकावून सांगितलंय, "पोरीचं चित्र होईपर्यंत मी हलत नाही." दर रविवारी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्या शिलाई मशीनशेजारच्या खिडकीत येऊन बसतात. आयुष्यभर लोकांच्या भिंती रंगवल्या, आता स्वतः रंगवून घेताना काय तोरा आहे म्हणून सांगू!

माझी मात्र नजर मेली आहे. इतके दिवस तेच ते बघून आता काहीच दिसत नाही. तू एवढंच सांग, हे बाबा आहेत का? की बाबांचे कपडे घातलेला दुसराच कुणी आहे? असंच पुढे नेऊ, की सगळं नव्याने करू? नव्याने करायचं तर बाबा इथे आहेत तोवरच करायला हवं. तू म्हणशील तसं करीन. लवकर कळव.

तुझ्या खिडकीच्या चित्राबद्दल मी उन्हाळ्यात जे लिहिलं, त्यावर तू चकार शब्द काढला नाहीस. पुढे गेलं का ते? राग आला असेल तर भांड, पण गप्प बसू नकोस.

तुझी,
ताई

२१ सप्टेंबर

प्रिय ताई,

चित्र फारच सुंदर झालंय. अगदी हुबेहूब मामा. बघितल्याबरोबर वाटलं, आता हाक मारतील.

उत्तराला उशीर झाला, माफ कर. लॅबमध्ये कामाचा नुसता खच पडलाय. सगळ्या गावाचे दात एकदमच पडायचे ठरलेत की काय कोण जाणे, दिवसभर कवळ्याच घासतोय. घरी येतो तेव्हा नाकातोंडात प्लास्टर असतं.

मला विचारशील तर नव्याने बिव्याने काही करू नकोस. डोळ्यांत जीव आलाय, तोच खरा अवघड भाग होता. मागचा रंग अंमळ गडद वाटतो. डावा खांदा नेहमीसारखा किंचित उतरलाय, तुझी जुनी खोड, पण आता राहू दे. जास्त हात लावलास तर आहे तेही बिघडेल. मी तर म्हणतो, झालं चित्र.

ट्रेसिंग पेपर घरातला संपलाय, त्यामुळे खुणा करून पाठवत नाही. शिवाय खुणा करण्यासारखं आहेच काय? इथला एक चौकटवाला चांगला आहे, त्याच्याकडून चौकट करूनच तुला पाठवतो. तेवढं मामांसाठी माझ्याकडून.

खिडकीचं चित्र चाललंय हळूहळू. राग कसला?

तुझा,
खडू

२९ सप्टेंबर

प्रिय खडू,

तुझं पत्र मशीनवर बसूनच वाचलं आणि सुई बोटात घुसवून घेतली. एवढ्या वर्षांत तू पहिल्या ओळीत स्तुती कधी केली होतीस? मी बाबांना ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली. "खडू म्हणतो म्हणजे असणारच," म्हणाले. लहानपणी तू त्यांचे खडू खात होतास, तेव्हापासून त्यांचा तुझ्यावर का भरवसा आहे देव जाणे.

खांद्याचं मात्र नवल वाटलं. बाबांना काढलं की तू दर वेळी टोकतोस म्हणून या खेपेला मी पट्टी लावून सरळ केला होता. तरी उतरलाच म्हणायचा! असो, तुझी नजर.

या रविवारी बाबा नेहमीसारखे तयार होऊन आले आणि म्हणाले, "बसू का?" मी म्हटलं, "नको बाबा, चित्र झालं." ते तरी थोडा वेळ खुर्चीत बसले. मग उठले, खुर्ची भिंतीशी नेऊन ठेवली आणि म्हणाले, "मग दादाला कळव, ये म्हणावं." तो येत्या आठवड्यातच येतोय.

घर खायला उठणार आहे. पण चित्र झाल्याचा आनंद आहे, खोटं कशाला बोलू? दादाकडे थंडी फार, म्हणून बाबांना एक जाड कोट शिवतेय. कागदावर बेतून कधीच ठेवलाय, कापड आलं की शिवून मागून पाठवीन. चौकट झाली की चित्र माझ्याकडेच पाठव. बाबांच्या जागी तेवढंच.

तुझी,
ताई

१८ ऑक्टोबर

प्रिय ताई,

मामा गेलेसुद्धा? एवढी घाई काय होती? मी झालं म्हणालो ते आपलं माझं मत. तू लगेच त्यांना उठवून टाकशील असं मला काय ठाऊक? आणखी चार रविवार बसवलं असतंस तर काय बिघडलं असतं?

चौकटवाला आज देतो, उद्या देतो करतोय. मिळाली की पाठवतो. तू त्याची वाट बघत बसू नकोस.

तुझा,
खडू

२ नोव्हेंबर

खडू,

कोटाचं कापड काल आलं. बेतलेला कागद काढायला मी कपाटामागची गुंडाळी ओढली, रबर काढलं आणि टेबलावर पसरली. बाबा माझ्याकडे बघत होते.

चित्र इथेच आहे. कपाटामागून ते हललेलंच नाही. दोन्ही गुंडाळ्या सारख्याच तपकिरी कागदात होत्या, मी घाईत दुसरीच नळीत घातली. तुझ्याकडे बाबांच्या कोटाचा कागद आहे, चित्र नाही.

डोळ्यांत जीव आलाय, म्हणालास. कुणाच्या? मागचा रंग अंमळ गडद वाटला तुला. कागद सगळा पांढराच आहे रे.

मी तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. मग बाबांना ते वाचून दाखवतानाचा माझा आवाज आठवला आणि एकटी असूनही मला तोंड लपवावंसं वाटलं. चित्रासाठी ते थांबले होते. चित्र हाच त्यांचा बहाणा होता, हे मला तेव्हाही समजत होतं आणि तरी मी "झालं" म्हणून त्यांना उठवलं. तुझ्या शब्दावर.

तू आवडलं नाही म्हणाला असतास तर मी रडले असते आणि नव्याने सुरुवात केली असती. ते नियमाप्रमाणे झालं असतं. तू नळी उघडलीच नाहीस, हे कुठल्या नियमात बसवू?

चौकटवाल्याला सांग, आता घाई नाही.

ताई

९ नोव्हेंबर

ताई,

प्रिय लिहायला हात धजत नाही.

तुझं पत्र वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं. नळी पलंगाखाली होती. तू बांधलेली दोरीची गाठ तशीच. कसला चौकटवाला आणि कसलं काय! सगळ्या थापा. ट्रेसिंगचा अख्खा गठ्ठा माझ्या खणात पडून आहे.

कारण सांगतो, सबब म्हणून नाही. उन्हाळ्यात माझ्या खिडकीच्या चित्रावर तू लिहिलंस, हे फोटोवर कागद ठेवून गिरवलंय, आणि सगळे पांढरे एकाच डब्यातले आहेत, हे दात बनवणाऱ्याचं चित्र आहे. खरं होतं ते. गिरवलंच होतं. तू ओळखलंस याचीच लाज वाटली. त्यानंतर मी काहीच काढलेलं नाही. रंग शेजारच्या मुलीला देऊन टाकले. मग तुझी नळी आली. आत काहीतरी चांगलं असणार हे मला माहीत होतं, आणि ते मला बघवणार नव्हतं. एवढंच आहे. हलक्या मनाचा माणूस निघालो.

म्हणून नेहमीची वाक्यं लिहिली. डोळे, मागचा रंग, डावा खांदा. तू काढलेल्या मामांच्या कुठल्याही चित्राला चालतील अशी. मामा त्या वाक्यांमुळे घरातून जातील हे स्वप्नातही आलं नाही. आणि कळल्यावर वर तुझ्यावरच डाफरलो.

तुझं पत्र आल्यावर नळी उघडली. आता पुढचं नीट वाच. कागदाचे तुकडे जमिनीवर पसरले. शिवणातलं मला ओ की ठो कळत नाही, पण छातीचे दोन भाग तेवढे ओळखता आले. म्हटलं सारखे असतील, म्हणून एकावर एक ठेवून काचेला धरले. खांदे जुळेनात. डावा चांगला बोटभर खाली. तुला सांगतो, माझ्या मनात पहिला विचार काय आला? ताई चुकली! या अवस्थेतही मला बरं वाटलं. लाल पेन्सिल उचललीसुद्धा.

मग सुचलं की टेपने मापं घेणारी ताई असली चूक करणार नाही. आणि मामा दिसले. डाव्या खांद्यावर शिडी घेतलेले. जन्मभर त्याच खांद्यावर शिडी होती. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर कामाला जायचो, तेव्हा शिडीचं मागचं टोक धरून मागे चालायचो. माझ्या डोळ्यांपुढे दुसरं काही नसायचंच, फक्त तो खांदा. आणि तोच तू बरोबर काढलास की मी दर वेळी लाल रेघ मारून तुला वर करायला लावला. खांदे सारखे असायला हवेत म्हणून. म्हणजे या खेपेला नळी उघडली नाही, पण आधीच्या खेपांना उघडून तरी मी काय बघितलं होतं?

कोटाचा कागद परत पाठवतोय. त्यावर एकही खूण केलेली नाही. कोट शिवून टाक, थंडी पडली असेल तिकडे.

माफी मागत नाही. कुठल्या तोंडाने मागू?

खडू

२० नोव्हेंबर

खडू,

कागद मिळाला. कोट बेतला, शिवायला घेतलाय.

तुझं पत्र वाचून राग गेला असं नाही. पण खांद्याचं वाचल्यावर मी मशीन थांबवलं. बाबांचे कपडे मी कायम डावा भाग वेगळा बेतूनच शिवलेत. टेप हातात असला की मला त्यांचा खांदा ठाऊक असतो. ब्रश हातात आला की तुझी लाल रेघ दिसायची आणि मी तो सरळ करायची. माझ्या डोळ्यांनी बघितलेलं, माझ्या हातांनी मापलेलं सोडून मी तुझं ऐकत होते. तू नीट बघितलं नाहीस. मी बघून न बघितल्यासारखं केलं. लाज काय तुला एकट्यालाच नाही.

सप्टेंबरात नळी बंद करतानाही मी आत डोकावले नाही. आणि "दात बनवणाऱ्याचं चित्र" हे वाक्य मी लिहायला नको होतं. गिरवलंय हे सांगणं माझं कामच होतं. ते दुसरं वाक्य चित्राबद्दल नव्हतंच, तुला टोचायला लिहिलं होतं. लिहिताना मजासुद्धा आली होती, तीच आता खुपते.

सोबत नळी पाठवते आहे. या वेळी शेजारणीच्या समोर उघडून, बघून, बंद केली आहे. ती म्हणाली, "छान आहे हो." तिला नियम माहीत नाही.

माझा प्रश्न तोच आहे, जो सप्टेंबरात होता. हे बाबा आहेत का? या वेळी मला दुखेल म्हणून काही गाळू नकोस.

ताई

२७ नोव्हेंबर

ताई,

नाहीत. हे मामा नाहीत.

चित्र परत पाठवतोय, ट्रेसिंग सोबत आहे. सगळं त्यावर आहे, पण शब्दांतही लिहितो, म्हणजे पळवाट राहणार नाही.

तोंड चुकलंय. तू वाईट काढलं नाहीस, दिसलं तसंच काढलंस. पण चित्रासाठी मामांनी कवळी लावलेली दिसते. ती मी बनवलेली आहे, लांबूनसुद्धा ओळखीन. मामा ती लग्नकार्याला किंवा पाहुणे आल्यावर लावतात. लावली की ओठ घट्ट मिटून, परक्याच्या घरी आल्यासारखे बसतात. तुझ्या चित्रात तसाच माणूस बसलाय. घरातले मामा म्हणजे आत गेलेले ओठ, पुढे आलेली हनुवटी आणि कुणाची तरी टिंगल करायला सुटलेलं तोंड. ते यात कुठेच नाही.

हात चांगले आहेत. नखांतला रंग तू काढलास, तो बघून मला नळी परत बंद करावीशी वाटली. हेवा अजून आहे. सांगून ठेवतो.

खांदा तू पट्टी लावून सरळ केलास तो माझ्यामुळे. त्याच्यावर लाल रेघ मारायला मला जीव झाला नाही, म्हणून हिरवी मारली आहे. कोटाचा कागद आठवून जिथे असायला हवा तिथे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, असंच पुढे नेऊ नकोस. नव्याने कर. हे सप्टेंबरात लिहिलं असतं तर मामा समोर होते. आता ते नाहीत, माझ्यामुळे नाहीत, आणि तरी लिहितोय. यापेक्षा शरमेची गोष्ट मी आजवर कागदावर उतरवलेली नाही.

खडू

१४ डिसेंबर

प्रिय खडू,

हे पत्र दादाच्या घरून लिहिते आहे. कोट टपालाने पाठवणार होते, पण तुझं ट्रेसिंग आल्यावर मशीनवर कापड झाकलं, दुकानाच्या मालकीणबाईला सांगितलं आणि कोट, चित्र घेऊन गाडीत बसले.

कोट बाबांना ढगळ झाला. दोन्ही बाजूंनी मूठ मूठ कापड हातात येतं. इथे त्यांना काही कमी नाही, वहिनी मनापासून करते, पण ते उतरलेत. आरशासमोर उभे राहून ते कोट खाली खाली ओढत होते. खांदा तेवढा अगदी बरोबर बसला. मी मागे उभी होते, मान वर करवेना.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. चुकीची गुंडाळी, तुझं पत्र, माझं पत्र. तुला वाचवलं नाही आणि मलाही नाही. ऐकून म्हणाले, "मला वाटलं, तुझं काम झालं. मग म्हाताऱ्याने उगाच कशाला खुर्ची अडवायची?" एवढंच म्हणाले. त्याहून त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चित्र दाखव म्हणाले. वर तुझं ट्रेसिंग तसंच होतं, लाल आणि एक हिरवी रेघ. ते खिडकीशी नेऊन भिंत तपासतात तसं तिरकं धरून बघत राहिले. हिरव्या रेघेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ही कुणाची?" मी म्हटलं, "खडूची." "शिडी धरून चालताना पोरगा माझ्या टाचा तुडवायचा," म्हणाले. मग चित्र मला परत दिलं. "अजून रंगाचा एक हात लागेल याला. निदान एक."

आत गेले. नळाचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा कवळी काढून ठेवलेली होती. स्वयंपाकघरातली खुर्ची स्वतःच ओढत आणली, खिडकीत मांडली आणि कोटाची बटणं लावत मला म्हणाले, "मग, बसू का?"

मी म्हटलं, "बसा."

वहिनीने मला इथेच राहायला सांगितलंय, चित्र होईपर्यंत. तुलाही ये म्हणते. शेजारच्या मुलीकडून निदान एक ब्रश उसना मागून आण. बाबा विचारत होते, खडू हल्ली काय काढतो? मी काही सांगितलं नाही. ते तूच सांग.

आता थांबते, कारण ते खुर्चीत चुळबुळ करायला लागलेत. येताना ट्रेसिंग पेपर आण. माझ्याकडचा संपलाय, आणि माझा खरंच संपलाय.

तुझी,
ताई